नियमावर बोट ठेवणारा अधिकारी खलनायक ठरतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील एका नगरपालिकेत अतिक्रमण निरीक्षक होते, 2018 मध्ये निवृत्त झाले. नोकरीभर कुणाच्या चहाचेही मिंधे राहिले नाहीत. मध्यंतरी बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईंनी त्यांना ओळखलं आणि चारचौघांत सुनावलं, ‘माझी गाडी उचलून नेलीत, पोरीची शाळा सुटली तुमच्यापायी.’ वडील घरी येऊन एवढंच म्हणाले, ‘मी कायद्याबाहेर काही केलेलं नाही.’ आणि तुम्ही विचारताय, कायदा काटेकोरपणे राबवणाऱ्या माणसाला खलनायक म्हणता येतं का?

मी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करतो. हातगाडीवाले, टपरीवाले, नाल्याकाठचे झोपडीवाले यांची कामं वर्षानुवर्षं केली, आणि मधली काही वर्षं नगरपालिकेच्या पॅनेलवरही होतो. म्हणजे गाडी उचलली गेलेला माणूस आणि गाडी उचलणारा माणूस, दोघंही माझ्यासमोर खुर्चीत बसून बोललेले आहेत. त्या अनुभवातून माझं उत्तर सांगतो. हो, कायदा राबवणारा माणूस खलनायक ठरू शकतो. पण कडकपणामुळे तो तसा ठरत नाही. जनतेला बांधणारा कायदा अक्षरशः राबवायचा आणि त्याच कायद्यातली स्वतःला बांधणारी कलमं बाजूला ठेवायची, असं ज्यानं केलं त्याला मी खलनायक म्हणतो. तुमचे वडील यात बसतात का, हे मला इथून सांगता येणार नाही. ते कशावरून ठरवायचं तेवढं सांगू शकतो.

वडिलांच्याच खात्याचा कायदा घेऊ. पथविक्रेता अधिनियम 2014 साली आला, 1 मेपासून लागू झाला. बहुतेकांना तो फेरीवाल्यांना हटवण्याचा कायदा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या नावातच उपजीविकेचं संरक्षण आधी आहे आणि नियमन नंतर. त्यात अधिकाऱ्यावर काय काय बंधनं आहेत ती बघा. आधी शहरातल्या सगळ्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं आणि प्रमाणपत्रं द्यायची. ते पूर्ण होईपर्यंत कुणाला हटवायचं नाही. हटवायचंच झालं तर 30 दिवसांची नोटीस द्यायची. नोटिशीची मुदत संपूनही विक्रेता हलला नाही तरच माल जप्त करायचा. जप्त केलेल्या मालाची यादी करायची, तिच्यावर सही करायची आणि प्रत विक्रेत्याच्या हातात द्यायची. त्यानं माल परत मागितला की नाशवंत माल त्याच दिवशी आणि टिकाऊ माल कामकाजाच्या दोन दिवसांत परत करायचा. मुदतीनंतरही जागा न सोडणाऱ्याला दंड दिवसाला 250 रुपयांपर्यंत, आणि तोही जप्त मालाच्या किमतीपेक्षा जास्त नाही.

आता मला सांगा, कडक अधिकारी कुणाला म्हणायचं? सकाळी नऊला ट्रक घेऊन चौकात उतरतो आणि कुणाचं काही ऐकून न घेता गाड्या चढवतो त्याला, की 30 दिवस थांबून, यादी लिहून, संध्याकाळच्या आत टोमॅटो परत करणाऱ्याला? लोक पहिल्याला कडक म्हणतात. कायद्याच्या दृष्टीनं पहिला माणूस ढिला आहे. त्याला अडचणीची ठरणारी पाच-सहा कलमं त्यानं पाळलेलीच नाहीत.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून एक प्रकरण सांगतो. एका फेरीवालीच्या दाव्यात मी जप्ती करणाऱ्या निरीक्षकाची उलटतपासणी घेत होतो. माणूस खरोखर निर्मळ. त्याच्यावर लाचेचा आरोप त्याच्या शत्रूनंही केला नसता. पंचनाम्यात त्यानं लिहिलं होतं, ‘एक हातगाडी, भाजीपाला इत्यादी.’ मी विचारलं, ‘इत्यादीमध्ये काय होतं?’ तो म्हणाला, किरकोळ सामान असेल. बाईचं म्हणणं होतं, त्यात तिचा वजनकाटा होता, वैधमापनवाल्यांचा शिक्का मारलेली वजनं होती, एक ताडपत्री होती आणि गाडीच्या खालच्या फळीवर ठेवलेला सकाळच्या विक्रीचा डबा होता. गाडी तिला पुढे परत मिळाली, एका चाकाची रिम वाकलेली. वजनं मिळाली नाहीत. शिक्क्याची वजनं नवीन घ्यायची म्हणजे त्या बाईला पुन्हा सावकाराकडे जाणं आलं. मी निरीक्षकाला विचारलं, यादीची प्रत दिली होती का? त्याचं उत्तर, ‘ती घ्यायला थांबलीच नाही, रडत होती.’

मी त्याला दुष्ट म्हणणार नाही. ती बाई रस्त्यात उभी होती, वाहतूक अडत होती, तक्रारी आल्या होत्या, वरून आदेश होता, हे सगळं खरं. पण त्या ‘इत्यादी’त एका बाईचा धंदा नाहीसा झाला होता आणि तो लिहिताना त्याचा हात अडखळला नव्हता. तिनं पदपथावर तीन फूट जास्त जागा घेतली तर त्याला ते टेप लावून मोजता येत होतं. तिच्या वस्तू मोजणं मात्र त्याला वेळेचा अपव्यय वाटत होता. माझी खरी तक्रार याबद्दल आहे.

त्याच भागात दुसरे एक निरीक्षक होते, त्यांचीही कीर्ती भयंकर. ते बाजारात शिरले की ‘आले रे’ म्हणून पळापळ व्हायची. पण त्यांचे पंचनामे माझ्याकडे यायचे तेव्हा मला विरोधात बोलायला जागा सापडायची नाही. वजनकाटा एक, वजनं अमुक इतकी, मेथीच्या जुड्या इतक्या, रोख रक्कम विक्रेत्याच्या ताब्यात दिली, अंगठा घेतला, प्रत दिली. आणि त्याच रस्त्यावर एका नगरसेवकाच्या भावानं दुकानापुढे पत्र्याची शेड काढली होती, तीही त्यांनी नोटीस देऊन, मुदत संपल्यावर, पोलीस बंदोबस्तात उतरवली. पुढच्या बदल्यांच्या यादीत त्यांचं नाव आलं. फेरीवाल्यांना ते आवडत नव्हतेच. पण माझ्या एका अशिलानं त्यांच्याबद्दल जे म्हटलं ते मला महत्त्वाचं वाटतं: ‘साहेब सगळ्यांनाच वाईट होते.’ ज्याला फटका बसलाय त्या माणसाकडून अधिकाऱ्याला याहून मोठी पावती मिळणं कठीण.

आता ‘कायद्यानं माझे हात बांधलेले होते’ या वाक्याकडे येतो, कारण वडिलांच्या बोलण्याचा रोख तोच आहे. हे वाक्य मी कोर्टात इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकलं की मी आधी कलम उघडतो. बहुतेक वेळा कलमात ‘करता येईल’ असं असतं आणि अधिकारी ते ‘केलंच पाहिजे’ असं वाचतो.

याचं सर्वात मोठं उदाहरण मुंबईचं आहे. जुलै 1981 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवण्याची घोषणा केली आणि ऐन पावसात कारवाई सुरू झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका, निकाल जुलै 1985, सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांचं पीठ. महापालिकेचा आधार होता 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातलं कलम 314. त्यात आयुक्तांना रस्त्यावरचं अतिक्रमण नोटिशीशिवाय हटवण्याची मुभा आहे. न्यायालयानं त्या कलमाला घटनाबाह्य म्हटलं नाही. पण सांगितलं की नोटीस न देण्याची ही मुभा आहे, नोटीस देऊ नका असा हुकूम नाही. आणि माणसाला ऐकून घेणं हा नियम, न ऐकणं हा अपवाद. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हेही त्याच निकालात आलं. आणि तरीसुद्धा न्यायालयानं पदपथ मोकळे करण्याला शेवटी मान्यता दिली. फक्त 31 ऑक्टोबर 1985 पूर्वी, म्हणजे पावसाळा पुरता सरेपर्यंत, हटवायचं नाही असं बजावलं.

मला हा निकाल पूर्णपणे समाधानाचा वाटत नाही. पदपथावरून उठलेला माणूस जाणार कुठे, या प्रश्नाला त्यात जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही. पण तुमच्या प्रश्नापुरतं त्यातून एक अगदी स्पष्ट होतं. कायदा राबवायचा हे ठरल्यानंतरही केव्हा, कसा, आधी कुणाला सांगून, कुठल्या ऋतूत, हे सगळं अधिकाऱ्याच्या हातात उरतं. पावसात छप्पर काढायचं की ऑक्टोबर संपेपर्यंत थांबायचं, हे कुठलंही कलम त्याच्याकडून वदवून घेत नाही. तिथे निर्णय त्याचा असतो आणि त्याची जबाबदारीही त्याचीच.

फौजदारी बाजूलाही तेच. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम 95 होतं, नव्या न्याय संहितेत ते 33 झालंय. कुठलाही समंजस माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकं क्षुल्लक नुकसान असेल तर तो गुन्हाच नाही, असं ते सांगतं. 1958 चा परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा आहे. किरकोळ चोरीत पहिल्यांदा सापडलेल्याला न्यायाधीश नुसती समज देऊन सोडू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या अर्नेश कुमार निकालानं पोलिसांना बजावलं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नसते, ती का आवश्यक आहे याची कारणं लिहावी लागतात. हे सगळं दयाबुद्धीच्या भरात कुणी बाहेरून आणलेलं नाही, ते कायद्यातच आहे. म्हणून ‘मी कायदा पाळतो, दया दाखवणं माझं काम नाही’ असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, की दयेची कलमं तुम्ही कुठल्या अधिकारानं वगळलीत?

आपल्या इतिहासात अठराव्या शतकातल्या पुण्यात दोन माणसं थोड्या अंतरानं होऊन गेली, ती मला या संदर्भात नेहमी शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून थेट रघुनाथरावाला, म्हणजे त्या वेळी गादीवर असलेल्या माणसाला, दोषी ठरवलं, देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून गेले. त्यांच्याइतका ताठ माणूस शोधून सापडणार नाही. पण त्यांना कुणी कधी खलनायक म्हटलेलं नाही, कारण तो ताठपणा स्वतःच्या धन्यासमोरचा होता आणि त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या पदानं मोजली.

दुसरा घाशीराम कोतवाल. नाना फडणवीसांच्या काळात शहराचा बंदोबस्त त्याच्याकडे होता. 1791 च्या ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून आलेल्या ब्राह्मणांना त्यानं रात्रभर एका अपुऱ्या जागेत कोंडून ठेवलं; त्यातले कित्येक गुदमरून मेले. त्यानंतर जमावानं त्याला दगडांनी ठेचून मारलं. तो लाचखाऊ होता, जुलमी होता, असं पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि त्यातलं किती जमावाच्या बाजूनं लिहिलेलं आहे हा वेगळा विषय. मला जमावाचं समर्थन मुळीच करायचं नाही. वकील म्हणून तर ते शक्यच नाही. पण संशयिताला अटकेत ठेवणं कोतवालाच्या अधिकारात होतं असं क्षणभर धरलं, तरी ज्याला कोंडलं त्याला श्वास घ्यायला जागा देणं हेही त्याच अधिकारात येतं. ताब्यात घेतलेला माणूस जिवंत राहील याची जबाबदारी ताब्यात घेणाऱ्याची. ती त्यानं मानली नाही. आज पोलीस कोठडीतल्या मृत्यूबद्दल आपण जे बोलतो ते यापेक्षा वेगळं नाही.

एक प्रकार मात्र माझ्या या कसोटीत नीट बसत नाही, आणि तो सोडून दिला तर उत्तर अर्धवट राहील. कायदाच अन्यायाचा असेल तर? मग सगळी कलमं पाळूनही अन्यायच होतो. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आठवा. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसांना ठेवलं जायचं, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागायची. पारधी, कैकाडी अशा जमातींत जन्माला आलं एवढाच गुन्हा. 1952 च्या ऑगस्टमध्ये तो कायदा रद्द झाला. तिथे हजेरी घेणारा एखादा कारकून अगदी सचोटीचा असेल, कुणाची हजेरी खोटी मांडली नसेल, कुणाकडून कोंबडीही घेतली नसेल. त्याला काय म्हणायचं? मी त्याला खलनायक म्हणायला कचरतो, कारण त्या कुंपणाचा निर्णय त्याचा नव्हता. पण त्याची सचोटी त्याच्या बचावाला पुरत नाही. पोटच्या पोराला ताप आहे म्हणून हजेरी चुकलेल्या आईचं नाव त्यानं वर कळवलं का, हे मी विचारीन. आणि हे चूक आहे असं वर कधी एका ओळीनं तरी लिहिलं का, हेही विचारीन. सरकारी नोकरीत असा शेरा मारणाऱ्याला काय भोगावं लागतं हे मला माहीत आहे, तरीही विचारीन.

तर तुमच्या वडिलांपाशी येऊ. बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. त्या बाईंची गाडी 2014 च्या आधी उचलली की नंतर? आधी असेल तर नोटीस-यादीची एवढी तपशीलवार बंधनं वडिलांसमोर नव्हती, आणि आजच्या मापानं त्यांना मोजणं अन्यायाचं होईल. नंतरची घटना असेल तर प्रश्न कठीण होतो. तुमच्या नगरपालिकेनं सर्वेक्षण पूर्ण केलं होतं का? पुष्कळ ठिकाणी ते वर्षानुवर्षं रखडलं आणि खालच्या कर्मचाऱ्यांना मात्र रोज ट्रक देऊन पाठवलं गेलं. तसं असेल तर दोष एकट्या निरीक्षकाच्या माथी मारणं बरोबर नाही. मुख्याधिकाऱ्यापासून सभागृहापर्यंत सगळे त्यात येतात. आणखी एक. त्या काळात वडिलांनी बड्या लोकांची अतिक्रमणं काढली होती का? मंगल कार्यालयाचा रस्त्यावर आलेला मांडव, डॉक्टरच्या दवाखान्याचा पदपथावरचा रॅम्प, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फलक? त्यांच्याबाबत निदान वर अहवाल तरी पाठवला होता का? त्यांनी अहवाल पाठवला आणि वरच्यांनी तो दाबला असेल, तर त्यांनी आपलं काम केलं असं मी म्हणेन.

आणि त्या बाईंचं बोलणं मनाला लावून घेताना एवढं ध्यानात ठेवा. वडिलांनी सगळं नियमानं केलं असेल तरीही तिचं दुःख खोटं ठरत नाही. तिच्या लेकीची शाळा सुटली ही वस्तुस्थिती आहे. तिच्या दुःखाचा आदर करायला वडील दोषी असण्याची गरज नाही, आणि वडील निर्दोष आहेत हे सिद्ध करायला तिला खोटं ठरवण्याचीही गरज नाही. मी पाहिलंय, निवृत्त अधिकारी यातच अडकतात. समोरचा रडला की त्यांना वाटतं आपल्यावर आरोपपत्र आलं, मग ते नियम सांगायला लागतात आणि समोरचा आणखी चिडतो.

वडिलांना ‘तुमचं चुकलं का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलंच आहे. त्या दिवशी काय झालं ते क्रमानं विचारा. नोटीस कोणी बजावली, यादी कोणी लिहिली, प्रत दिली का, माल कुठल्या गोदामात गेला, बाई तो मागायला आल्या होत्या का, आल्या तर त्यांना कोणी काय सांगितलं. नोकरीतल्या माणसाला तपशील विचारला की तो प्रामाणिकपणे आठवतो. मग जमलं तर, वडिलांच्या संमतीनं, त्या बाईंनाही तेच विचारा. तुम्ही मुलगा म्हणून बचाव करायला गेला नाहीत तर त्या बोलतील. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर नगरपालिकेत जप्तीची नोंदवही असते. माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून तिची प्रत मागता येते, फक्त जुनं दप्तर नियमानुसार नष्ट केलेलं असू शकतं, म्हणून उशीर करू नका. माल परत न मिळाल्याचं निघालं आणि वडिलांनाही ते पटलं, तर भरपाईचा अर्ज कसा करायचा ते मी सांगेन. त्या अर्जाला तेव्हाच्या निरीक्षकानं स्वतःच्या सहीचं निवेदन जोडलं, तर नगरपालिकेला तो बाजूला टाकणं अवघड जाईल.